मनगटांतील अरुंद वाट

अंधेरी-घाटकोपरच्या घराघरांतून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मध्यरात्रीं जाग येते. अंगठा व शेजारचीं बोटें बधिर झालेलीं असतात, आणि हात झटकला कीं थोडें बरें वाटतें. कणीक मळून किंवा लोकलची कडी धरून आलेला हा शीण असावा, असें समजून दुर्लक्ष होतें. या दुखण्याचें मूळ ओळखण्यास वैद्यकशास्त्रासही बरींच वर्षें लागलीं.

मनगटांत आठ लहान हाडांची कमान असून तिच्यावर एक बळकट पट्टा ताणलेला असतो. या बोगद्यांतून नऊ कंडरा व एक मज्जातंतु तळहाताकडे जातात. मधुमेहानें, गरोदरपणीं किंवा अन्य कारणानें आंत सूज आली, कीं दाब पडतो तो त्या मज्जातंतूवर.

१९१३ सालीं पॅरिसच्या मारी व फ्वा यांनीं एका वृद्धाच्या मृत्यूनंतर त्याचे हात तपासले. अंगठ्याचे स्नायू झडलेले, आणि मज्जातंतु त्या पट्ट्यापाशींच दाबलेला होता. पट्टा वेळींच कापला असता तर ही हानि टळली असती, असें त्यांनीं सुचविलें. परंतु पुढेंही पुष्कळ वर्षें दोष मानेंत शोधला गेला. कित्येकांच्या मानेंतील जादा बरगडीही काढण्यांत आली. १९३३ सालीं लर्मंथ यांनीं पट्टा कापल्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९४७ सालीं लंडनच्या ब्रेन प्रभृतींनीं सहा रुग्णांचा वृत्तांत दिला. आणि पुढें अमेरिकेंत फॅलन यांनीं या शस्त्रक्रियेचा प्रसार केला. १९८९ सालीं जपानचे ओकुत्सु व अमेरिकेचे चाउ यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें लहान छेदांतून तेंच काम साधण्याच्या पद्धति मांडल्या.

आज प्रारंभीं रात्रीं मनगटास आधारपट्टी बांधतात किंवा स्टिरॉइडचें इंजेक्शन देतात. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर शस्त्रक्रिया. उघड छेद असो वा दुर्बीण, कापावयाचा पट्टा एकच. दुर्बिणीनें रुग्ण कांहींसा लवकर कामास लागतो. अखेरचा गुण मात्र जवळजवळ सारखाच.

भारतांत एक सावधगिरी अधिक हवी. कुष्ठरोगही मज्जातंतूंनाच ग्रासतो. १८९० सालीं माटुंग्यास उघडलेला कुष्ठाश्रम मुंबईंतील त्या रोगाची जुनी साक्ष आहे. म्हणून तपासणीवांचून निदान करूं नये.

मारी व फ्वा यांचा इशारा अद्यापि खरा आहे. बधिरपणा बहुधा हटतो; परंतु अंगठ्याचे स्नायू एकदां झडले, कीं गेलेली शक्ति पुरती परत येईलच असें नाहीं.