विहीर बांधली ती आमराईसाठी

जुन्या वास्तूचं जतन म्हटलं की आपल्याला आधी तट आणि बुरूज दिसतात. आज जरा बागेकडून या विषयात शिरू.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधली, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, आणि विहिरीतच एक देखणा महाल! लोक तो महाल पाहतात, फोटो काढतात नि परत फिरतात. पण एवढा खटाटोप कशासाठी? तर आमराईला पाणी देण्यासाठी.

मोट कशी चालते, ते नव्या पिढीसाठी सांगतो. बैल धावेवरून उतरत जातात, नाडा ताणला जातो, चामड्याची मोट भरून वर येते. तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं आणि तिथून पाटानं झाडांकडे जातं. मोटेला एकच जोडी धरली, तरी बारा मोटांना चोवीस बैल झाले. म्हणजे महाल, विहीर, धाव, पाट आणि बाग हे सगळं मिळून एकच बांधकाम. त्यातला नुसता दगड राखला, तर आपण अर्धीच वास्तू राखली.

बरं, दगड तरी कसा राखायचा? जुनं बांधकाम चुन्याचं असेल, तर भिंतीत शिरलेला ओलावा चुन्यातून हळूहळू बाहेर पडतो. वरून सिमेंट थापलं की तो आतच कोंडतो आणि चांगला दगडही फुगून सुटतो. सांध्यात उगवलेला पिंपळ नुसता वरून छाटला, तर पुढच्या पावसात पुन्हा डोकं काढतो. मूळच काढावं लागतं.

दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यात काय केलं बघा. तिथं आधी बाग हाती घेतली. २००३ पर्यंत पाण्याचे पाट पुन्हा वाहते केले, झाडं लावली. इमारतीचं मोठं काम त्यानंतर झालं. तेव्हा छतावर साठलेलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरवावं लागलं. ते आधीच्या दुरुस्त्यांनीच चढवलेलं होतं!

तसंच कृष्णाकाठानं खाली सांगलीला या. पटवर्धनांच्या गणेशदुर्गाला खंदक होता. तो ध्यानात घेतला नाही, तर तो किल्ला कळायचा नाही. नुसता सरकारी कचेऱ्यांचा जुना वाडा वाटेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जतनाचा आराखडा करताना पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. ते कुठून यायचं, कुठं जायचं, कुणासाठी जायचं? लिंबला जाल तेव्हा महालात जरूर बसा. पण नंतर वर या, थारोळ्यापाशी उभे राहा आणि पाणी ज्या दिशेनं जात असेल, तिकडे पाहा. विरूबाईंचं काम तिकडे होतं.