खोडलेलं नाव

शहर स्वतःचा इतिहास लिहायला बसतं तेव्हा काय ठेवतं आणि काय गाळतं, हे समजून घ्यायला मी वारंवार अफ्रोडिसियासच्या शिलालेखांकडे वळतो. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला, कारिया या जुन्या मुलुखात वसलेलं हे ग्रीकभाषी शहर. नाव अफ्रोदिती देवीवरून पडलेलं. जवळच संगमरवराच्या खाणी, त्यामुळे दगड मुबलक आणि तो कोरणारे हातही.

रोमच्या यादवीत या शहराने ऑक्टेव्हियनची बाजू घेतली आणि लूट सोसली. बदल्यात इ.स.पू. ३९ मध्ये सिनेटने त्याला स्वातंत्र्य आणि करमाफी दिली. अडीचशेहून अधिक वर्षांनी, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, नागरिकांनी दफ्तरातली निवडक पत्रं नाट्यगृहाच्या भिंतीवर ग्रीकमध्ये कोरून घेतली. त्यातलं एक मला फार बोलकं वाटतं. ते या शहराला लिहिलेलंच नाही! सामोस बेटाने असंच स्वातंत्र्य मागितलं, खुद्द सम्राटाच्या पत्नीने, लिव्हियाने, शब्द टाकला; तरी ऑगस्टसने नकार दिला आणि हा मान फक्त अफ्रोडिसियासचा, असं कळवलं. शेजाऱ्याला मिळालेला नकार यांनी आपल्या भिंतीवर मिरवला. स्वातंत्र्याचा पुरावा म्हणून सम्राटाची मर्जी दाखवावी लागते, यातली विसंगती त्यांना जाणवली असेल का?

कारण हे स्वातंत्र्य अगदीच पोकळ नव्हतं. दुसऱ्या एका शिलालेखात रोमचा प्रांताधिपती लिहितो, की तुमच्या कायद्याची आडकाठी नसेल तर मी आनंदाने येईन. पण त्याच शतकाच्या मध्यास नवा प्रांत आखला गेला, अफ्रोडिसियास त्याची राजधानी झालं आणि अधिकारी तिथेच मुक्कामाला आला. इ.स. ३०१ मध्ये डायोक्लेशियनने मालाच्या कमाल किमती ठरवल्या. त्या फर्मानाची इथली प्रत लॅटिनमध्ये आहे. रोम आता इथे स्वतःच्या भाषेत बोलू लागलं होतं.

पुढे राजधानी कॉन्स्टँटिनोपल झाली, धर्म ख्रिस्ती झाला. इ.स. ५०० च्या सुमारास अफ्रोदितीच्या देवळाचं चर्च केलं गेलं. ते पाडून नव्हे, तर उलटं करून. गाभाऱ्याच्या भिंती काढल्या, पुढचे-मागचे खांब हलवून बाजूच्या रांगा लांबवल्या आणि बाहेरचे खांब आतले झाले. त्यांच्याभोवती नव्या भिंती उभ्या राहिल्या. देऊळ पूर्वाभिमुख होतं. चर्चची वेदी पूर्वेला आली आणि प्रवेश पश्चिमेकडून. सम्राटांच्या सन्मानार्थ उभारलेल्या सेबास्टेयॉनमध्ये देवदेवतांची शिल्पं छिन्नीने विद्रूप केली, सम्राटांच्या मूर्तींना मात्र बहुतांशी हात लागला नाही.

सगळ्यात अवघड होतं ते नाव. सातव्या शतकापर्यंत शहर स्टाव्रोपोलिस, म्हणजे क्रुसाचं नगर, म्हणवू लागलं. काही शिलालेखांत जुनं नाव खोडलेलं दिसतं. एरवी मजकूर तसाच: तीच पदवी, तोच अभिमान. फक्त ज्या शब्दामुळे तो अभिमान त्यांचा होता, तो शब्द नाही. याला मी केवळ धर्मवेड म्हणणार नाही. पूर्वजांची सनद हवी होती, पूर्वजांची देवी नको होती. छिन्नी तेवढ्यापुरतीच फिरली.

गंमत अशी, की नवं नावही टिकलं नाही. बोलण्यात प्रांताचंच नाव रुळलं, कारिया. ग्रीकांच्याही आधीच्या लोकांवरून पडलेलं. तेच झिजत तुर्कीत गेयरे झालं. अवशेषांवर वसलेलं हे खेडं विसाव्या शतकात भूकंपामुळे आणि मग उत्खननासाठी शेजारी हलवलं गेलं. २०१७ साली ही जागा जागतिक वारसा यादीत गेली, ती अफ्रोडिसियास या नावाने. ज्यांच्या तोंडी सर्वांत जुनं नाव जिवंत राहिलं, ते आता कुंपणाबाहेर राहतात; आणि फाटकावर खोडलेलं नाव पुन्हा लिहिलेलं आहे.