मोडी कागदांतील विराम आणि संपादकाची मोकळी जागा

मोडी कागद वाचणारास पहिली अडचण अक्षराची येते, दुसरी शब्दाची. अक्षर सरावानें लागतें. शब्द कोठें संपला हें मात्र कागद सांगत नाहीं. लेखक आधीं आडवी रेघ ओढी व तिच्याखालीं बोरू शक्य तों न उचलतां ओळ पुरी करी. परंतु म्हणून तो लेख विरामशून्य होता असें नव्हे. 'जाणिजे', 'कळावें', 'बहुत काय लिहिणें' हे शब्दच विरामाचें काम करीत, आणि पत्राची सीमा मोर्तब दाखवी. शिवकालीन मोर्तबावरील 'मर्यादेयं विराजते' हीं अक्षरें तेंच सांगतात.

आजचीं विरामचिन्हें इंग्रजी छपाईच्या वळणानें आलीं. मेजर टॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. पुढें टाइपरायटर आला. त्यांत प्रत्येक अक्षरास सारखीच रुंदी, म्हणून इंग्रजी टंकलेखनाच्या वर्गांत पूर्णविरामापुढें दोन जागा सोडण्याचा पाठ देत; विसाव्या शतकांत छापखान्यांनीं एकच पुरे मानली. आमच्या संग्रहांतील टंकित नकलांत दोन्ही चाली आहेत. कांहींत तर दंडाच्या आधींही जागा सोडलेली आहे. हा वाद टंकलेखकांनीं खुशाल घालावा. आम्हांस चिंता आहे ती निराळीच. मुळांत जी जागा मुळींच नाहीं, ती नकलेंत कोणाच्या अधिकारानें आली?

राजवाड्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. तेव्हांपासून असंख्य पत्रें शब्द तोडून देवनागरींत छापलीं गेलीं. तसें न करतें तर तीं वाचलीं कोणी असतीं? पण तोडणें हा अर्थ लावणेंच होय, आणि तो चुकतो. एका वतनपत्राच्या नकलेंत आम्हींच 'नवे गावचे पाटील' असें लिहिलें, आणि गावची पाटीलकी नव्या मनुष्याकडे गेली असें टिपण मोठ्या आत्मविश्वासानें वाचलें. पुढें मूळ कागद पुन्हां पाहतां खालच्या ओळींत 'मौजे नवेगाव' असें स्वच्छ आढळलें. 'नवेगावचे पाटील' हाच पाठ खरा. पाटील बदलल्याचा पुरावा त्या कागदांत नव्हताच. बदल आमच्या बोटभर जागेनें घडविला होता. टिपण मागें घेतलें, तरी तें ऐकलेल्या एका गृहस्थांच्या लेखांत तो नवा पाटील अद्याप नांदतो आहे.

२०१४ सालीं मोडीस युनिकोडांत स्थान मिळालें. तींत एकेरी व दुहेरी दंडांसही स्वतंत्र संकेत आहेत. सोय मोठी खरी, पण मुळांत नसलेला दंड घालण्याचा मोहही तेवढाच मोठा. यास्तव आमची सूचना अशी कीं, संपादकानें घातलेलें प्रत्येक विरामचिन्ह चौकटी कंसांत असावें. मूळ ओळ जेथें संपते तेथें तिरपी रेघ द्यावी. आणि जेथें पदच्छेद दोन प्रकारें होतो तेथें ती अक्षरपंक्ति न तोडतां तळटीपेंत छापावी. लेखकानें तिथीसाठीं खरोखरच जागा कोरी ठेवली असेल तर तसें शब्दांनीं सांगावें, नुसती जागा सोडूं नये; जुळारी ती भरून काढतो.

आमच्या जुन्या नकला आम्ही या रीतीनें पुन्हां लिहावयास घेतल्या आहेत. पहिल्या वतनपत्रांतच तीन शंकास्थळें निघालीं.