पाण्याशी पहिली ओळख

आपल्याकडे मुलाची पाण्याशी ओळख घरातच होते. पाय पसरून बसलेली आजी तेल लावलेल्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते, तीच त्याची पहिली शिक्षिका. पुढे पोर पाच-सहा वर्षांचे झाले की काका-मामा त्याला विहिरीवर नेत. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका बिंडा, कमरेला दोरी आणि दोरीचे टोक काठावरच्या जाणत्याच्या हाती. मधली वर्षे मात्र पोहण्यावाचूनच जात.

त्या मधल्या वयाचा अभ्यास अमेरिकेत झाला. मर्टल मॅकग्रॉ या संशोधक बाईंनी न्यूयॉर्कमध्ये अकरा दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचे पाण्यातले वागणे टिपून १९३९ साली प्रसिद्ध केले. तान्हे बाळ पाण्यात आपोआप लयीत हातपाय हलवते आणि श्वास रोखते. चार महिन्यांच्या सुमारास ही लय मोडते, मूल धडपडू लागते आणि आधार शोधते. समजून पोहणे त्यानंतर हळूहळू येते. म्हणजे बाळ जन्मतः पोहते हे अर्धेच खरे.

१९६० नंतर अमेरिकेत आणि जर्मनीत तान्ह्यांचे पोहण्याचे वर्ग वाढले. डॉक्टर मात्र साशंक होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितले, की चार वर्षांआधी मूल अशा शिकवणीला तयार नसते. पुढे २००९ च्या एका अभ्यासात एक ते चार वर्षांच्या, शिकवणी घेतलेल्या मुलांत बुडण्याचा धोका बराच कमी दिसला. तेव्हा २०१० साली संघटनेने आपले मत सैल केले आणि २०१९ साली पहिल्या वाढदिवसानंतर शिकवणी सुरू करता येते असे सुचवले. एक वर्षाखालच्या बाळांना मात्र शिकवणीमुळे बुडण्यापासून संरक्षण मिळते, असा पुरावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. म्हणून लहानग्यांवर मोठ्यांची नजर आणि शाळकरी मुलांना पोहण्याचे शिक्षण, असे दोन्ही उपाय ती सांगते.

आता विहिरीवर नेणारे काका-मामा उरले नाहीत. विसर्जनाला मात्र आपण लेकरांना घेऊन तलावाच्या काठाशी जातोच. यंदा जाताना लहानग्याचा हात धरलेला असू द्या, आणि सहा वर्षांच्या पुढच्या नातवंडाचे नाव जवळच्या तरणतलावात जरूर घाला.

गणपती बाप्पा मोरया!