नगरच्या किल्ल्यातली कुदळ

मिरजगावातून सोलापूर रस्त्याने नगर गाठले की भिंगारकडे जाताना भुईकोट किल्ला लागतो. गोलसर दगडी तट, जागोजाग बुरूज आणि भोवती रुंद खंदक. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. आत 1942 सालच्या राजबंद्यांच्या खोल्या संग्रहालय म्हणून जपल्या आहेत, आणि पाहुणे येतात ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

पण या खोल्यांखाली आणखी एक किल्ला गाडलेला आहे.

काँग्रेस कार्यकारिणीचे 12 सदस्य इथे स्थानबद्ध होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी आणि आपले शंकरराव देवही. आवारातली जमीन ओसाड, दगडगोट्यांची. तीत बाग फुलवायची म्हणून नेहरूंनी कुदळ हाती घेतली, तर खालून जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे वर येऊ लागले. एका भिंतीवर दगडात कोरलेले कमळ सापडले. फार खोल खणू नका, असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. शेवटी कुदळ ठेवून नेहरूंनी लेखणी उचलली. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झाले, आणि या खोदकामाची हकीगत त्याच्या पहिल्याच प्रकरणात आली.

त्या मातीत काय काय दडले असेल! हुसेन निजामशहाने 1559 नंतर मातीच्या कोटाच्या जागी दगडी तट बांधला. 1596 च्या आरंभी मोगलांनी सुरुंग लावून तो फोडला, तेव्हा चांदबिबी चिलखत घालून खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढवून घेतली. पुढे नाना फडणवीस इथेच कैदेत होते. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने किल्ला शिंद्यांकडून घेतला. नगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना नेत्यांच्या खोल्यांइतक्याच आत्मीयतेने हे सारे सांगायला हवे, कारण ते त्याच आवाराचे पोटातले थर आहेत.

1942 च्या त्या राजबंद्यांपैकी आझादांचा मुक्काम मात्र दुःखाचा. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना भेटीसाठी इंग्रज सरकारकडे विनवणी करायची नाही, हे आझादांनी ठरवले होते आणि ते पाळले. चहापासून चिमण्यांपर्यंत सगळ्यावर ते मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रे लिहीत. ती कैदेतून धाडता येत नव्हती. 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली.