चुंबकक्षेत्रानें द्रवधातु ढवळण्याचा आरंभ

विजेच्या भट्टींतील पोलादाचा रस एकजीव व्हावा म्हणून तो चुंबकक्षेत्रानें ढवळण्याच्या युक्तीचें श्रेय स्वीडनमधील आसेआ कंपनीचे लुडविग ड्रेफस यांस देतात, व उद्देहोल्म कंपनीकडे इ. स. १९४७ त बसविलेलें यंत्र हा तिचा आरंभ मानितात. परंतु अस्सल लेख पाहतां हा काल मागें न्यावा लागतो. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हंफ्रे डेव्ही यांच्या इ. स. १८२३ मधील निबंधांत, विद्युत्प्रवाह सोडलेल्या पाऱ्याजवळ लोहचुंबक आणितांच पारा तारेभोंवतीं फिरूं लागला, अशी नोंद आहे. मात्र डेव्ही यांचा प्रवाह तारांवाटे आंत जातो. ड्रेफस यांचें सरकतें क्षेत्र तळांतून शिरून पोलादांतच प्रवाह उत्पन्न करितें. सबब तत्त्वाचा जुना दाखला डेव्ही यांचा व युक्ति ड्रेफस यांची, असाच निर्णय करणें प्राप्त आहे.