हळर्णचे नाव लावणारा व्हाइसरॉय

पेडणे महालातील हळर्ण हे शापोरा नदीच्या काठचे एक लहानसे गाव. तेथील जांभ्या दगडाचा किल्ला विस्ताराने फार मोठा नाही. तथापि या गावाचे नाव पोर्तुगालच्या एका थोर उमराव घराण्याने किताब म्हणून धारण केले आणि पिढ्यान्‌पिढ्या मिरवले, ही गोष्ट गोमंतकाच्या इतिहासात विलक्षणच म्हणावी लागेल.

दों पेद्रु मिगेल द आल्मैद याचा जन्म १६८८ चा. तारुण्यात त्याने स्पेनच्या वारसायुद्धात तलवार गाजवली. पुढे आसुमारचा काउंट या नात्याने १७१७ ते १७२१ या काळात तो ब्राझीलमधील साव पाउलू व मीनास या सोन्याच्या खाणींच्या मुलखाचा गव्हर्नर होता. सोन्यावरील राजभागाच्या वसुलीवरून १७२० मध्ये विला रिका येथे बंड उसळले. त्याने ते निष्ठुरपणे मोडले, बंडखोरांची घरे जाळली आणि फिलीप दुश सांतुश या पुढाऱ्यास देहान्त शासन दिले. मायदेशी परतल्यावर मात्र त्याला दीर्घकाळ राजाची अवकृपा सोसावी लागली. गेलेली प्रतिष्ठा परत मिळवण्याची संधी त्याला लाभली ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. १७४४ मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून गोव्यात उतरला.

त्या वेळी पोर्तुगीज सत्तेची अवस्था केविलवाणी होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती आणि त्याच वर्षी वाडीकर भोसल्यांच्या फौजा बारदेशात शिरल्या होत्या. पेशव्यांशी पुन्हा झुंजण्याचे सामर्थ्य गोव्यात उरले नव्हते. नव्या व्हाइसरॉयने म्हणूनच आपला मोर्चा तुलनेने लहान, पण अगदी शेजारच्या सत्तेकडे वळवला. सावंतवाडीच्या गादीवर तेव्हा रामचंद्र सावंत होते आणि त्यांचे चुलते जयराम सावंत यांचा कारभारात मोठा वाटा होता. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीजांनी हल्ला करून हळर्णचा किल्ला घेतला. पाठोपाठ डिचोली व साखळी पडली आणि त्याच वर्षी तेरेखोलही त्यांच्या हाती गेले.

या विजयाचे वृत्तांत लिस्बनमध्ये छापून प्रसिद्ध झाले. वसईच्या पराभवाने खचलेल्या दरबाराला अशा वार्तेची निकड होतीच. राजाने १७४८ मध्ये व्हाइसरॉयचा ‘कास्तेलु नोव्हु’चा मार्केस हा किताब बदलून त्याला ‘आलोर्न’चा मार्केस केले. हळर्णचे आलोर्न झाले ते असे. त्या छापील वृत्तांतांत विजेत्याचाच आवाज आहे. त्या धामधुमीत ज्यांची शेतेभाते तुडवली गेली, त्या पेडणे-डिचोलीच्या रयतेची दाद तेथे कोण घेणार?

मार्केस केवळ शिपाईगडी मात्र नव्हता. १७५० मध्ये कारभार सोपवताना त्याने आपला वारस मार्केस द ताव्हर याच्यासाठी शेजारच्या सत्तांविषयी सविस्तर सूचना लिहून ठेवल्या. इतिहासाच्या अभ्यासकांना त्या आजही मोलाच्या वाटतात. १७५६ मध्ये त्याचे निधन झाले.

पुढची कहाणी करुण आहे. राजा जुझे याच्यावर १७५८ मध्ये प्राणघातक हल्ला झाला. त्याचा ठपका ठेवून जानेवारी १७५९ मध्ये त्याच ताव्हरला पत्नीसह भीषण रीतीने ठार मारण्यात आले व त्याच्या कुळाचे नाव घेण्यासही बंदी झाली. ताव्हरची कन्या आलोर्न घराण्याची सून होती. त्या नात्यापायी दुसरा मार्केस जुवाव १७७७ पर्यंत तुरुंगात राहिला. त्याची कन्या लिओनोर ही बालवयातच आईसह मठात कोंडली गेली. तेथेच वाचन-लेखन करीत ती वाढली आणि पोर्तुगीज साहित्यात ‘आलोर्नची मार्केसा’ म्हणून कीर्तिमान कवयित्री ठरली. तिचा भाऊ, तिसरा मार्केस, नेपोलियनच्या सैन्यातून रशियाच्या मोहिमेवर गेला आणि १८१३ मध्ये परदेशीच वारला.

इकडे ज्या किल्ल्यावरून हा किताब आला, तो पोर्तुगीजांकडे टिकलाच नाही. १७६१ च्या सुमारास तहान्वये हळर्ण-डिचोलीचा मुलूख पुन्हा भोसल्यांकडे गेला. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल पोर्तुगीजांनी कायमचे घेतले, तेव्हा खेम सावंत कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्याने जेरीस आले होते. जुन्या काबिजादीत झालेल्या धर्मच्छळाची पुनरावृत्ती या नव्या काबिजादीत झाली नाही. येथील देवळे, रीतिरिवाज आणि मराठीचे पठण-पाठण टिकून राहिले, याचे एक मोठे कारण हेच होय.

किल्ला परत द्यावा लागला, तरी किताब घराण्यात राहिला. मार्केसच्या तेजू नदीकाठच्या शेतमळ्यालाही आलोर्न हेच नाव पडले. तेथील द्राक्षमद्यावर ते आजही छापले जाते. हळर्णच्या बुरुजांखाली शापोरा तशीच वाहते आहे. तिच्या काठच्या माणसांनी मात्र आपल्या गावाचा उच्चार कधीच बदलला नाही. त्यांच्या तोंडी ते हळर्णच राहिले आहे.